वाटेवरचा पहारा

कमिटीच्या बैठकीत आपणहून हात वर करणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एकाला पंख्याखालची खुर्ची हवी असते, आणि दुसऱ्याला वाटत असतं की हे काम आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. सेक्रेटरी दुसऱ्या प्रकारातले. विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. ऑफिसात त्यांचा सल्ला कोणी घेत नसे, त्यामुळे तो इमारतीत वाटायला भरपूर शिल्लक होता.

काम साधंच होतं. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये इमारतीचा एक सामाईक कॉम्प्युटर होता. ज्याला तक्रार असेल त्याने तिथे जाऊन ती टाइप करायची, सेक्रेटरींनी ती तक्रारवहीत चढवायची, अशी रीत. ही वहीसुद्धा कॉम्प्युटरवरचीच. पण ती कोणीही उघडू शके. दातांच्या डॉक्टरांनी वरच्या घरातल्या व्यायामाबद्दल लिहिलं आणि ते वरच्या घराने दुसऱ्याच दिवशी वाचलं. तोवर डंबेल्स जमिनीवर ठेवली जात असत, नंतर ती पडू लागली. तेव्हा ज्याचं त्याला दिसावं, दुसऱ्याला दिसू नये, असा बंदोबस्त करा, असं बैठकीत ठरलं, आणि सेक्रेटरींचा हात वर गेला.

इथे थोडं समजून घ्यायला हवं. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात, जिथे प्रत्येक फाइलची उघडझाप होते, तिथे एक पहारेकरी बसवता येतो. कुठल्याही प्रोग्रॅमला कुठलीही फाइल हवी असेल तर आधी त्याला विचारावं लागतं. असे पहारेकरी दोन जातीचे. पहिला वाटेवर उभा राहतो. त्याच्या हातात यादी असते: या वाटेने यांनी जायचं, त्या वाटेने त्यांनी जायचं नाही. दुसरा वाटेकडे बघतच नाही. तो प्रत्येक फाइलला एक चिठ्ठी चिकटवतो आणि फाइल कुठल्याही वाटेने, कुठल्याही नावाने समोर आली तरी चिठ्ठी वाचून काय ते ठरवतो.

सेक्रेटरींनी पहिला निवडला, कारण दुसऱ्यासाठी एकूण एक फाइलला चिठ्ठी लावावी लागते, आणि फाइली होत्या एकोणीसशे.

त्यांच्या लेकीने नको म्हणून सांगितलं होतं. ती अशाच गाभ्यातल्या कामावर नोकरीला होती, आणि बापाच्याच क्षेत्रात बापापेक्षा जास्त पगार घेणाऱ्या मुलांना येतो तो एक सांभाळून बोलण्याचा सूर तिला आला होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रस्त्याला कुलूप लावताय. वस्तू उघडीच आहे."

सेक्रेटरींनी तिला सांगितलं की रस्ता बंद असला की वस्तूपर्यंत कोण कशाला पोचतंय. मग तिने विषय सोडला. बापाचा मान राखावा, असा तिचा हेतू होता. सेक्रेटरींना वाटलं, आपला मुद्दा पटला.

शेजाऱ्यांनीही आपापली भर घातलीच. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सगळी इमारत टपालमास्तर म्हणे, त्यांनी जिन्यात गाठून पाऊण तास सांगितलं की आमच्याकडे पाकीट कुठल्या गाडीने आलं हे कोणी बघत नसे, पाकिटावर काय लिहिलंय ते बघत. सेक्रेटरी मनात म्हणाले, टपाल आणि कॉम्प्युटर यांचा काय संबंध. दातांच्या डॉक्टरांनी सुचवलं की कॉम्प्युटरच उचलून त्यांच्या दवाखान्यात ठेवावा, म्हणजे कोणी आपणहून तिकडे फिरकणार नाही. सेक्रेटरींची बायको एवढंच म्हणाली, की घरातल्या कपाटाची किल्ली तीन महिने सापडत नाहीये, ती आधी शोधली असती तर बरं झालं असतं.

सेक्रेटरी कामाला लागले. या पहारेकऱ्याला सुरुवातीला शिकाऊ म्हणून ठेवता येतं. शिकाऊ असताना तो कोणालाच अडवत नाही. कोण कुठे शिरलं याची नुसती नोंद करत बसतो. सेक्रेटरींना हा प्रकार फार जवळचा वाटला, कारण कमिटी बारा वर्षं याच पद्धतीने चालत आली होती. आठवड्याने त्यांनी पहारेकऱ्याला कायम केलं आणि त्याच दिवशी सगळं बंद पडलं. अध्यक्षांना बैठकीचं इतिवृत्त उघडेना, टपालमास्तरांना स्वतःचीच तक्रार दिसेना, आणि कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ वाचता येईना. सेक्रेटरी रोज संध्याकाळी एकेक सूट देत गेले. बारा नियमांवर सुरू झालेली यादी एकेचाळिसांवर गेली, आणि त्यातला एकोणिसावा नियम त्यांनी का घातला होता हे त्यांना आता आठवत नव्हतं. पण तो काढायची हिंमतही होत नव्हती.

आता त्या वहीबद्दल. तिला पाच रकाने होते. तारीख, घर, तक्रार आणि काय केलं, हे चार कमिटीच्या कामाचे. पाचवा रकाना 'शेरा'. तो सेक्रेटरींचा खासगी. त्यांचं ठाम मत होतं की माणूस जी तक्रार लिहितो ती त्याची तक्रार नसतेच. खरी वेगळीच असते, आणि ती ओळखायची नजर लागते. ही नजर आपल्याला आहे, असं त्यांना वाटे. दर शनिवारी सकाळी हॉलमध्ये बसून ते शेरे लिहीत आणि एखादा फार जमला की स्वतःशीच हसत. दाद द्यायला कोणी नाही, एवढंच दुःख होतं. ते पुढे दूर झालं.

ही वही 'तक्रारी' या फोल्डरात. तिकडे जाणारी वाट सेक्रेटरींखेरीज सर्वांना बंद. पण अध्यक्षांना दर महिन्याला वही कागदावर छापून लागे, आणि छपाईच्या प्रोग्रॅमला पहारेकरी 'तक्रारी'त शिरू देईना. त्याला मोकळीक फक्त 'छपाई' नावाच्या फोल्डरात. बेचाळिसावा नियम लिहिला असता तर काम झालं असतं, पण त्याने एकोणिसावा दुखावला असता. मग सेक्रेटरींनी युक्ती केली. कॉम्प्युटरमध्ये एकाच फाइलला दोन ठिकाणी दोन नावं देता येतात. नक्कल होत नाही. वस्तू एकच, दारं दोन. त्यांनी वहीला 'छपाई'त दुसरं नाव दिलं. इकडे लिहिलं की तिकडे ताजं दिसायचं. पहारेकरी पहिल्या दारावर छाती काढून उभा, दुसऱ्या दाराने छपाईवाला खुशाल आत.

शेऱ्यांचं काय, हा प्रश्न त्यांना पडला होता, नाही असं नाही. पण कागदाची रुंदी चार रकान्यांत संपत असे. पाचवा कागदाच्या कडेबाहेर पडून नाहीसा होई. हे त्यांनी तीनदा छापून पाहिलं आणि ही सुरक्षेची पक्की व्यवस्था आहे असं ते धरून चालले. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने गुपित कागदाच्या कडेच्या भरवशावर ठेवलं, हे लेकीला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. कुठल्याच प्रकारे ते चांगलं वाटेना.

कागदाची कड होती तोवर सगळं ठीक चाललं. मग अध्यक्षांनी हॉलसाठी प्रोजेक्टर आणला. नवी वस्तू आणलेल्या माणसाला ती कुठे तरी वापरून दाखवायची असतेच. जे जे छापतो ते भिंतीवरही दिसलं पाहिजे, असं त्यांनी फर्मावलं. ज्याचं त्यालाच दिसावं, हा ठराव तोवर ते विसरले होते. सेक्रेटरींनी पहारेकऱ्याला सांगितलं, या प्रोजेक्टरवाल्याला 'छपाई'त जाऊ दे. आज्ञाधारकच तो. हो म्हणाला.

वार्षिक सभा रविवारी सकाळी होती. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सात नंबरच्या बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे शाळेत चौतीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलेल्या शिक्षिका. इमारतीत सर्वांत आधी राहायला आलेल्या, आणि साठीच्या आतल्या कोणालाही अरेतुरे करणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दुसऱ्या देशात. महिन्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि लांबचं किती स्वच्छ दिसतं याचं त्यांना कोण कौतुक होतं. सेक्रेटरींना म्हणाल्या, आज पहिल्यांदाच भिंतीवरचं नीट वाचता येईल.

अध्यक्षांनी बटण दाबलं. भिंत कागदापेक्षा बरीच रुंद होती. पाचही रकाने ऐसपैस मावले आणि ओळी आपोआप वर सरकू लागल्या.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून कोणी तरी हसलं. दातांच्या डॉक्टरांची आवाजाची तक्रार होती, आणि पुढे शेरा: 'स्वतःचं ड्रिल चालतं, दुसऱ्याचं डंबेल चालत नाही.' हॉल हसला. डॉक्टर सोडून. टपालमास्तरांनी जिन्यातल्या दिव्याबद्दल लिहिलं होतं. शेरा होता: 'दिवा ठीक. चार पानं लिहायला निमित्त हवं.' आता डॉक्टर हसले. अध्यक्षांची तक्रार लिफ्ट सावकाश चालते अशी. त्यापुढे, 'लिफ्ट तीच आहे, अध्यक्ष वाढलेत.' यावर टपालमास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हिशेब मांडला तर प्रत्येक माणूस सगळ्यांच्या शेऱ्यांवर हसला आणि फक्त एकावर चिडला. शेरा खोटा आहे, असं मात्र एकजणही म्हणाला नाही.

सेक्रेटरी मागच्या भिंतीपाशी चहाचे कप मोजत होते. त्यांना वाटलं, सभा यंदा बरी रंगतेय. मग त्यांनी वर पाहिलं. 'बारा नंबर. गच्चीच्या दाराला कडी नाही. शेरा: रोजचंच. दुर्लक्ष करणे.' बारा नंबर म्हणजे त्यांचंच घर, आणि तक्रार बायकोची. बायकोने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. ती हसली नाही, चिडलीही नाही; यादीत आणखी एक गोष्ट टिपून ठेवावी तसं पाहिलं आणि पुन्हा पुढे वळली.

पुढची ओळ कुठली आहे, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

ते धावले. प्रोजेक्टर उंचावर, कॉम्प्युटर सभेपुरता कुलपाच्या पेटीत, पेटीची किल्ली अध्यक्षांच्या खिशात. तेव्हा दोन्ही हात पसरून ते भिंतीसमोर उभे राहिले. भिंत झाकली की अक्षरं नाहीशी होतात, असा त्यांचा समज असावा. पण प्रोजेक्टरचा उजेड समोर जे येईल त्यावर पडतो, आणि सभेसाठी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. भिंतीवर जी अक्षरं थोडी फिकट दिसत होती ती त्यांच्या छातीवर ठळक उमटली.

बाईंनी ती वाचली. मोठ्याने. दुष्टपणाने नव्हे, चौतीस वर्षांची सवय होती, समोर लिहिलेलं दिसलं की त्या वर्गाला वाचून दाखवत.

"सात नंबर. भिंतीला ओल. शेरा. गळती नाही, स्वल्पविराम, बोलायला माणूस नाही. पूर्णविराम. दुर्लक्ष करणे."

शेवटचा शब्द वाचून झाल्यावर त्यांना कळलं की सात नंबर म्हणजे आपण. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. सेक्रेटरी हात पसरून तसेच उभे होते, कारण हात खाली केले तर पुढे काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. बाई म्हणाल्या, "पुढचं घे." मग शेवटपर्यंत बसल्या, हिशेबतपासनीसाच्या नेमणुकीला हात वर केला, हजेरीच्या वहीत सही केली आणि जिना चढून गेल्या.

पुढचा आठवडा सेक्रेटरींनी लिफ्ट वापरली नाही, कारण लिफ्टमध्ये माणसं भेटतात. जिन्यात टपालमास्तर भेटले आणि पाकिटाचं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. या वेळी सेक्रेटरींनी पाऊण तास उभं राहून ऐकून घेतलं. घरी बायको नेहमीसारखीच वागत होती. हे सर्वांत अवघड होतं. गच्चीच्या दाराला त्यांनी कडी आणून बसवली. बायको म्हणाली, "छान. दुर्लक्ष केलं होतं ना आपण?"

लेकीला सगळं सांगितलं तेव्हा ती हसेल म्हणून त्यांनी तयारी केली होती. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, की चिठ्ठी वहीलाच लावलेली असती तर दारं दोन असोत की दहा, प्रोजेक्टरला दुसऱ्या जातीच्या पहारेकऱ्याने हुसकावलं असतं. बापाने मान डोलावली आणि तिला घरी बोलावून घेतलं. दोघांनी मिळून तो दुसरा पहारेकरी बसवला आणि एकोणीसशे फाइलींना चिठ्ठ्या लावल्या: 'सूचना', 'तक्रार', 'खासगी'. चार संध्याकाळी गेल्या. बापलेक इतका वेळ शेजारी बसल्याला दहाएक वर्षं झाली असतील. पाचवा रकाना सेक्रेटरींनी पुसून टाकला. पुसण्याआधी सात नंबरच्या ओळी सलग वाचल्या. ओल आल्याची तक्रार तेरा आठवडे, दर शुक्रवारी. तेरा वेळा तोच शेरा, कारण एकदा जमलेला शेरा ते पुढे नुसता उतरवत गेले होते.

त्या शुक्रवारी सात नंबरची तक्रार आली नाही. सेक्रेटरी शनिवारी वही उघडून बसले होते. कॉम्प्युटर बंद आहे की काय म्हणून त्यांनी दोनदा तपासला. चालू होता.

माफी मागायला हवी, हे त्यांना सभेतच कळलं होतं. कशी मागायची, यात एक आठवडा गेला. वर जाऊन मागावी हा सरळ मार्ग त्यांनी सर्वांत आधी बाजूला ठेवला. अपमान भिंतीवर झाला तेव्हा माफीही भिंतीवरच मागितली पाहिजे, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं. यात न्याय होता, आणि कोणाच्या डोळ्यांत बघावं लागणार नव्हतं. त्यांनी दीड पान लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. एकेका घराचं नाव घेऊन, आणि बाईंसाठी स्वतंत्र परिच्छेद. रविवारी अकरा वाजता सर्वांनी हॉलमध्ये यावं, असा निरोप त्यांनी घरोघरी पाठवला. लिहिलेली फाइल स्वतःच्या खासगी फोल्डरातून उचलून सूचनांच्या फोल्डरात ठेवली आणि कडक इस्त्रीचा, पण या वेळी गडद रंगाचा सदरा घातला.

अकराला हॉल भरला. इतकी माणसं वार्षिक सभेलाही नव्हती. दुसऱ्याला माफी मागताना बघायला वेळ काढतातच लोक. पहिल्या रांगेतली एक खुर्ची तेवढी रिकामी राहिली. सेक्रेटरींनी बटण दाबलं.

भिंत कोरी. खाली बारीक अक्षरांत एक ओळ: परवानगी नाही.

पुन्हा दाबलं. परवानगी नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, माफी बहुतेक फार खोल गेलीय, मुळातून काढावी लागेल. अध्यक्ष म्हणाले, प्रोजेक्टरचा दोष नाही, हे इतिवृत्तात घ्या.

लेक पुढे झाली आणि बापाच्या कानाशी हळूच म्हणाली, "बाबा, ही तुम्ही खासगी फोल्डरात लिहिलीत ना? तिथे जन्मली तेव्हाच तिला खासगीची चिठ्ठी लागली. नक्कल करून ठेवली असती तर नवी चिठ्ठी मिळाली असती. तुम्ही उचलून ठेवलीत. उचललेली वस्तू आपली चिठ्ठी घेऊनच येते." मग म्हणाली, एका ओळीची आज्ञा आहे, चिठ्ठी बदलून देते, अर्ध्या मिनिटाचं काम.

पेटी उघडी होती, तिची बोटं कळफलकावर होती. सेक्रेटरींनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या खुर्चीकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर अडवलंय त्याने."

सर्वांसमोरून ते दाराकडे निघाले. टपालमास्तरांनी विचारलं, कुठे निघालात? ते जिन्याकडे वळले. दुसऱ्या मजल्यापर्यंत अडतीस पायऱ्या होत्या. दीड पानातलं एक वाक्य आठवेल म्हणून ते प्रत्येक पायरीवर प्रयत्न करत होते. एकही आठवलं नाही.

बाईंनी दार उघडलं. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, माझं चुकलं." एवढंच. दीड पानातलं तेवढंच उरलं होतं.

बाई बाजूला झाल्या आणि आत बोट दाखवलं. आतल्या खोलीची भिंत छतापासून पलंगाच्या उशापर्यंत काळपट झाली होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणला होता. एकट्या बाईने ओढल्याचे ओरखडे फरशीवर दिसत होते. सेक्रेटरींनी भिंतीला हात लावला. हात ओला झाला.

"गळती आहे," बाई म्हणाल्या. "दुसरंही खरंच आहे तुझं, ते मी नाकारत नाही. पण तेरा आठवड्यांत दोन्हीतलं एकही बघायला तू वर आला नाहीस."

सेक्रेटरींनी खाली पाहिलं. खाली ओरखडे होते. त्यांनी तिथेच उभं राहून प्लंबरला फोन लावला. रविवार होता, प्लंबर कुरकुरला, मग म्हणाला, चार वाजेपर्यंत येतो. सेक्रेटरींनी ते बाईंना सांगितलं, पुन्हा एकदा चुकलं म्हणाले आणि चपला घालायला वळले.

"चारपर्यंत येणार ना तो?" बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "मग चारपर्यंत बस."

सेक्रेटरी बसले. समोरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.